घरी बनवलेलं आइस फिशिंग शेल्टर: कंडुइटच्या नळ्या, हाऊसरॅप आणि आईची शिलाई

आधी शेल्टरचं, म्हणजे बर्फावर वाऱ्याच्या आडोशाला बसायच्या खोपट्याचं, वजन सांगतो कारण सगळा खेळ त्याचाच आहे. नळ्या, सांधे, कापड, दोऱ्या, बर्फात पिरगाळायचे स्क्रू असं सगळं धरून दहा किलोच्या आतबाहेर. ऑगर (बर्फात भोक पाडायचा मोठा गिरमिट), बादली, हीटर वेगळे. प्लास्टिकच्या एका स्लेडमध्ये, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीत, हा सगळा पसारा मावतो, दोरी कमरेला बांधायची आणि चालायला लागायचं. मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो, माझ्याकडे ना स्नोमोबिल (बर्फावर चालणारी मोटरगाडी) ना पिकअप ट्रक, त्यामुळे माझ्यासाठी "चांगलं शेल्टर" म्हणजे जे मी एकटा पायी ओढत नेऊ शकतो ते. ज्यांच्याकडे ओढायला गाडी आहे त्यांना हा रिव्ह्यू वाचून फार काही मिळणार नाही, तरी वाचा.

ज्यांना बर्फावरची मासेमारी हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे डिसेंबरपासून तलाव गोठतात, पण फक्त वरून, कारण पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, ते खाली बसतं आणि बर्फ हलका म्हणून वर तरंगतो, सो खाली मासे मजेत असतात. मग लोक ऑगरने सहा-आठ इंचाचं भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि बादली उलटी करून त्यावर बसून राहतात. मासा लागो न लागो, वारा मात्र लागतोच. उणे २० ला वारा सुटला की पाच मिनिटांत बोटं कामातून जातात आणि गळाची गाठ मारणं तर सोडाच, नाक पुसणंसुद्धा जमत नाही. शेल्टर हवं ते थंडीसाठी कमी आणि वाऱ्यासाठी जास्त, आणि हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा खर्च आणि अर्धं वजन आपोआप कमी होतं.

इथे लोक काय काय घेऊन बर्फावर जातात ते बघायचं असेल तर जानेवारीत मिल लॅक्सला जाऊन या. पाचशे चौरस किलोमीटरपेक्षा मोठा तलाव, आणि त्यावर अक्षरशः वस्ती उभी असते, चाकांवरची घरं, आत गाद्या, टीव्ही, शेगडी, काहींमध्ये संडाससुद्धा. किमती कारच्या वर. दुसऱ्या टोकाला फ्लिप-ओव्हर, म्हणजे स्लेडवरच खुर्ची आणि मागे घडी झालेला तंबू, बसल्या बसल्या डोक्यावरून ओढून घ्यायचा. हा प्रकार गाजवला सेंट क्लाऊडच्या डेव्ह गेन्झ यांनी, १९८० च्या सुमारास, आणि तोसुद्धा आधी घरच्या घरी खटपट करून बनवलेला. आजचे फ्लिप-ओव्हर भारी आहेत पण दोन्ही अर्थांनी भारी, बरेचसे वीस-पंचवीस किलोपासून पुढेच. ताज्या बर्फात गुडघाभर रुतत ते ओढून बघा एकदा.

आता सांगाडा. लोक पहिल्यांदा पीव्हीसीच्या पाइपकडे धावतात कारण स्वस्त आणि सांधे कुठेही मिळतात. नका घेऊ. थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं, सांध्यापाशी जरा पिळ बसला की टकन तुटतं, आणि वजनातही फार फरक नाही. मी अर्धा इंची ईएमटी कंडुइट वापरलं, म्हणजे इलेक्ट्रिशियन भिंतीवरून वायर न्यायला जी पातळ लोखंडी नळी वापरतात ती. दहा फुटी नळी जेमतेम दीड किलोची. खोपटं पाच फूट बाय सहा फूट, उंची साडेपाच फूट, आत उभं राहिलात तर मान वाकवावी लागते पण आपण बसायलाच जातोय. वरचा चौकोन आणि चार पाय, बस. खालचा चौकोन केलाच नाही, त्याने दोन-तीन किलो वाचले. कोपऱ्यांना कॅनपीचे तीन तोंडांचे सांधे, जे लग्नाच्या मांडवासारख्या तंबूंना लावतात, त्यात नळी घालायची आणि स्क्रू पिळायचा. इथे एक बघून घ्या, स्क्रू डोळ्याच्या आकाराचा घ्या, म्हणजे वर कडी असलेला, तो जाड हातमोज्यातून पिळता येतो. साध्या स्क्रूला पाना लागतो आणि पाना बर्फावर पडला की सापडत नाही.

खालचा चौकोन नसल्यामुळे सांगाडा डुलतो, हे खरंय. त्याला उपाय म्हणजे कर्णावर दोन दोऱ्या आणि प्रत्येक कोपऱ्यातून बाहेर एक दोरी, तिला बर्फात पिरगाळलेला स्क्रू. हा स्क्रू कॉर्डलेस ड्रिलने दहा सेकंदात आत जातो, हाताने पिळायला गेलात तर देव आठवतो. नांगरल्याशिवाय एक मिनिटही सोडू नका, इतकं हलकं खोपटं वाऱ्यात सुटलं तर पुढच्या गावात भेटेल. आधी वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे बांधायचे, मगच कापड चढवायचं, आणि दार कायम वाऱ्याच्या उलट बाजूला.

कापड हा या रिव्ह्यूचा खरा विषय. निळी ताडपत्री सगळ्यांना आठवते, पण गारठ्यात ती पत्र्यासारखी ताठ होते, घडी पडेल तिथे चिरते आणि वाऱ्यात इतकी फडफडते की शेजारी काय बोलतोय कळत नाही. कॅनव्हास छान पण ओला झाला की वजन दुप्पट आणि मग तो गोठतो, म्हणजे घरी घडी न होणारी पाटी घेऊन जायची. मी घेतला हाऊसरॅप, टायव्हेक. घर बांधताना लाकडी भिंतीवर बाहेरून जे पांढरं गुंडाळतात ते. शेजाऱ्याकडे गॅरेजचं काम झालं तेव्हा रोलचा मोठा तुकडा उरला होता, तो त्याने असाच दिला. छत, चारी भिंती आणि खाली एक फुटाचा घोळ इतकं सगळं मिळून सव्वा किलोच्या आत. सव्वा किलो! माझं जॅकेट याहून जड आहे.

नवा टायव्हेक कागदासारखा कडकड वाजतो. त्याला ट्रेकिंगवाल्यांची एक युक्ती आहे, वॉशिंग मशीनमध्ये गार पाण्यात, साबणाशिवाय फिरवून काढायचा, मग तो मऊ होतो, जुन्या धोतरासारखा अंगाला येतो. ड्रायरमध्ये मात्र नाही. शिवायला आई होती, उन्हाळ्यात पुण्याहून आली होती, ऑगस्टमध्ये घामाच्या धारा लागलेल्या असताना आम्ही दोघं बर्फावरची झोपडी शिवत होतो.

"अरे, हा कागद आहे का कापड?"

"घराला गुंडाळतात ते आहे, आई."

"मग घरालाच गुंडाळ की."

पण शिवलं तिने, आणि एक गोष्ट तिनेच पकडली की बारीक टाका घातला तर सुईच्या भोकांची रांग होते आणि तिथून तो फाटतो, पोस्टाच्या तिकिटासारखा, म्हणून टाका लांब ठेवला, पॉलिस्टरचा दोरा घेतला आणि शिवणीवर आतून टेप मारली. टेप घरातच मारून घ्या, बर्फावर कुठलीच टेप धड चिकटत नाही.

टायव्हेकच का, तर घाम. प्रोपेनचा हीटर आत लावला की ऊब येते तशी वाफही येते, आणि थोडीथोडकी नाही. एक पौंडाचं नळकांडं जळून संपलं की त्यातून दीड पौंडाहून जास्त पाणी तयार होतं, गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून, म्हणजे जवळपास पाऊण लिटर. त्यात दोन माणसांचा श्वास, वर उघडी पाण्याची भोकं. ताडपत्रीच्या खोपटात हे सगळं छताला चिकटतं आणि मग मानेवर टप टप सुरू होतं, वर गोठलं तर नंतर ऊन पडल्यावर अंगावर पाऊस. टायव्हेक वाफ बाहेर सोडतो, पाणी आत घेत नाही. कडाक्याच्या थंडीत त्यालाही आतून बारीक भुरभुरीत हिम धरतं, नाही असं नाही, पण टिचकी मारली की झडतं आणि घडी घालताना कापड ओलं नसतं. मित्राचं विकतचं एकपदरी शेल्टर आणि हे शेजारी शेजारी लावून बसलोय आम्ही, त्याच्या टोपीवर थेंब आणि माझ्यावर नाही, यातच काय ते आलं.

ऊब किती? खरं सांगायचं तर विकतच्या रजईवाल्या थर्मल शेल्टरशी याची बरोबरी नाही. एक पदर आहे, त्यात काय राहणार. हीटर लहान आचेवर ठेवला, म्हणजे ताशी ४,००० बीटीयू (उष्णतेचं माप), तर जॅकेटची चेन उघडून बसता येतं आणि हातमोजे काढून गाठ मारता येते, आणि एक पौंडाचं नळकांडं पाच तासांच्या आसपास चालतं. हीटर बंद केला की दोन मिनिटांत पुन्हा बाहेरचंच हवामान. माझं तेवढ्यात भागतं. लहान पोरांना घेऊन जाणार असाल तर नाही भागणार.

इथे जरा गंभीर होतो. टायव्हेक १३५ अंशाला वितळतो आणि पेटतोही, त्यामुळे हीटर मधोमध, भिंतीपासून लांब, आणि जमिनीवर न ठेवता फळीवर, नाहीतर खालचा बर्फ वितळून तो कलंडतो. हवेसाठी दोन खिडक्या, एक खाली एक वर, कितीही थंडी असली तरी उघड्या. बडी नावाच्या प्रोपेन हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की हीटर बंद करणारं सेन्सर असतं, चांगलंय, पण ते कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्याचा वास येत नाही, रंग दिसत नाही, म्हणून बॅटरीवरचा छोटा अलार्म आत टांगतो मी. आणि हीटर चालू ठेवून झोपायचं नाही, म्हणजे नाहीच.

आता तक्रारी. दाराला वेल्क्रो लावायचा मोह होतो, पण त्याच्या केसांत बर्फाचा चुरा बसला की तो चिकटायचं सोडून देतो, मी आता लाकडी खुंट्या आणि इलॅस्टिकचे फास लावलेत, हातमोज्यातून निघतात. दुसरं, उजेड. पांढऱ्या कापडातून आत लख्ख उजेड येतो, वाचत बसायला मस्त, पण भोकातून खाली बघून मासा येताना पाहायची जी मजा आहे ती यात नाही, त्याला आत काळोख लागतो. पाइक माशाला भाल्याने मारणारे तर खोपटं मुद्दाम काळं करतात, त्याला इथे डार्कहाऊसच म्हणतात. मी डोक्यावर आणि भोकावर मिळून एक काळी चादर घेतो, जुन्या फोटोग्राफरसारखा, हसतात लोक. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पांढऱ्या बर्फावर पांढरं खोपटं दिसत नाही आणि संध्याकाळी स्नोमोबिलवाले बेफाम सुटलेले असतात. केशरी रंगाच्या पट्ट्या चारी बाजूंनी आणि वर एक झेंडा, हे आवडीनिवडीचं काम नाही. रिफ्लेक्टर तर रात्रभर शेल्टर ठेवायचं असेल तर मिनेसोटात कायद्यानेच लागतो, प्रत्येक बाजूला किमान दोन चौरस इंच. दार बाहेरूनही उघडता आलं पाहिजे हाही नियमच आहे. घडीचं शेल्टर असेल आणि तुम्ही जवळच असाल तर लायसन्स लागत नाही, पण ते तिथे सोडून दोनशे फुटांपलीकडे गेलात की लागतं. मासेमारीचं लायसन्स मात्र लागतंच, ते वेगळं.

घोळावर फावड्याने बर्फ ओढायचा, वारा खालून येणं बंद. फक्त भुरभुरीत कोरडा बर्फ, भोकातून निघालेला ओला चिखलबर्फ नाही, तो कापडाला धरून ठेवतो आणि निघताना उपटायला गेलात तर कापड फाटतं.

पैशाचं बोलायचं तर हाऊसरॅप फुकट मिळाल्यामुळे माझं शंभर-सव्वाशे डॉलरात झालं, त्यातला मोठा वाटा सांध्यांचा. रोल अख्खा विकत घ्यावा लागला तर गणित बिघडतं, मग सीझन संपल्यावर मार्चमध्ये लोक विकायला काढतात ते वापरलेलं हब शेल्टर (छत्रीसारखं उघडणारं) त्याच पैशात मिळतं आणि शिवणकामही वाचतं. बांधकाम चालू असेल तिथे विचारा, उरलेला तुकडा बहुतेक वेळा कचऱ्यातच जाणार असतो.

स्टार्स द्यायचे तर पाचात चार. एक कापला थंडीसाठी. सुरुवातीच्या बर्फाला, जेव्हा नुकता चार इंच कठीण बर्फ धरलेला असतो आणि फक्त माणसालाच चालायची मुभा असते, वाहनाला नाही, तेव्हा मात्र पाचात पाच, कारण तेव्हा चाकांची घरं काठावर उभी असतात आणि आपण दहा किलोचं शेल्टर स्लेडवर ओढत, पुढे लोखंडी पहार आपटत बर्फ तपासत क्रॅपी माशांच्या जागेवर पोचलेलो असतो. टायव्हेक उन्हात चार महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये असं कंपनीच सांगते, पण आपलं ऊन म्हणजे शनिवार-रविवारचं, बरेच हिवाळे निघतील.

बनवणार असाल तर नळ्या पाइप कटरने कापा आणि कापलेलं तोंड कानसीने घासून घ्या, ती धार कापडाला पहिल्याच वाऱ्यात भोक पाडते. मापं हवी असतील तर खाली विचारा, कोणत्या बाजूला किती शिवणमाया सोडली ते आईला फोन करून विचारून सांगतो.