मुक्तिनाथ बाय रोड 'कॉन्व्हॉय': पैसे भरायच्या आधी हे वाचा

आधीच सांगतो, मी काही अडाणी माणूस नाही. हळदीच्या धंद्यात आहे, सांगलीच्या मार्केट यार्डात लाखालाखाचे व्यवहार तोंडी होतात, आणि तरी मला गंडवलं. त्यामुळं 'आम्ही असतो तर फसलोच नसतो' वाल्यांनी जरा दमानं घ्या.

२०२४ च्या दिवाळीनंतरची ट्रिप. स्वतःच्या गाड्या घेऊन सांगली ते नेपाळातलं मुक्तिनाथ मंदिर, चार गाड्यांचा कॉन्व्हॉय, हॉटेलं, परमिटं, नेपाळसाठी इन्शुरन्स एक्स्टेन्शन सगळं ट्रिप काढणाऱ्यांकडं, आपण फक्त गाडी चालवायची. आईला मुक्तिनाथ करायचंच होतं, वय ७१, विमानाला घाबरते. ट्रिप लावणारा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, गोड बोलणारा, दोनदा चहाला बसला, मेव्हण्याच्या मित्राच्या ओळखीतला. नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हणलंय.

पाच माणसांचं पॅकेज ६४,५००. १५,००० बुकिंगला, ३२,००० महिनाभर आधी, दोन्ही यूपीआयनं. राहिलेले १७,५०० नेपाळ बॉर्डरवर सुनौलीला 'आमच्या माणसाला' रोख. त्या माणसानं तिथं वरून भन्सार (गाडीची कस्टम फी) आणि बॉर्डरचे कागद म्हणून ११,८०० घेतले. झाले ७६,३००. पॅकेजमध्ये परमिट होतंच की हो, मग हे कशाचे, असं मी विचारलं, अगदी विचारलं, तर म्हणला नेपाळनं रेट वाढवलेत. बॉर्डरवर ट्रकांची रांग, मागून हॉर्न, आई गाडीत बसून वैतागलेली, सांगलीपासून सलग तीन दिवस ड्रायव्हिंग झालेलं, अशात कोण हुज्जत घालणार?

ज्यांनी नेपाळला गाडी नेलीये त्यांना माहितीये, भन्सार म्हणजे गाडीची कस्टमची पावती, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची फी. खिडकीवर स्वतः उभं राहून काढता येते, तासाभराचं काम. हा गडी आरसी, लायसन घेऊन दीड तास गायब झाला आणि पावती घेऊन आला. आता ऐका. पावती देवनागरीत. आकडे आपलेच. तारीख २०८१/०७/२४ ते २०८१/०७/२६. नोव्हेंबर चालू असताना सातवा महिना कसला आणि २०८१ साल कुठलं, तर त्यांचं विक्रम संवत, कार्तिक त्यांचा सातवा. ठीक आहे, ते मला कळलं नाही, कुणालाच कळलं नसतं. पण अरे साल कुठलंही असू दे, महिना कुठलाही असू दे, २४ ते २६ म्हणजे तीन दिवस! आम्ही पैसे दिलेले दहा दिवसांचे. कागद माझ्या हातात, मी बघितला, घडी घातली आणि डॅशबोर्डमध्ये टाकला. यार्डात चिठ्ठीवर क्विंटलचा पाव इकडं तिकडं झाला तर मला लांबून दिसतो. अजून रात्री झोपताना तो २४ आणि तो २६ डोळ्यासमोर येतो.

दुसरी खूण व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. फक्त ॲडमिनच मेसेज टाकणार अशी सेटिंग. कराडच्या एकांनी आधी पक्की पावती मागितलेली, दुसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून रिमूव्ह. आम्हाला वाटलं त्यांनी ट्रिप कॅन्सल केली. असा तोंड बांधलेला ग्रुप दिसला की बाहेर पडा.

लुंबिनीचा पहिला मुक्काम खरा होता, हॉटेल चांगलं, जेवण चांगलं. त्यानंच तर विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी बुटवलवरून वर निघालो, तिनाऊ नदीच्या कडेनं घाट सुरू होतो, दरडी पडलेल्या जागी अर्धा अर्धा तास थांबायचं, पुढं पाल्पा, स्यांगजा करत संध्याकाळी पोखरा. तिथल्या हॉटेलवाल्यानं रजिस्टर उलटं करून दाखवलं, आमच्या नावाचं काही नाही. लीड गाडी 'पंक्चर काढून मागून येतो' म्हणालेली, ती आलीच नाही. फोन बंद.

आई सोबत नसती तर तिथूनच माघारी आलो असतो. पण इथवर येऊन तिला काय सांगणार. अन्नपूर्णा भागाचं परमिट पुन्हा काढलं, सार्कवाल्यांना (म्हणजे भारतासारख्या शेजारी देशांच्या लोकांना) माणशी नेपाळी रुपये १,०००, म्हणजे पाच जणांचे आपले ३,१२५ (शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, रेट फिक्स आहे, बॉर्डरवर कमी देणाऱ्याला हात जोडा). पोखरा आणि जोमसोमची हॉटेलं आपल्या खिशातून, २१,४००.

रस्ता मात्र, काय सांगू. बेनीच्या पुढं काळी गंडकी सोबतीला, पाणी खरंच काळपट राखाडी, एका अंगाला धौलागिरी, दुसऱ्याला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर आणि आपण मधल्या दरीत, खडीत फर्स्ट गिअर टाकून. मार्फाची पांढरी घरं, छपरावर सरपणाची उतरंड, सफरचंदं वाळत घातलेली. जोमसोमला दुपारी असं वारं सुटतं की गाडीचं दार हातातनं निसटतं. आईनं वर मुक्तिनाथला १०८ धारांखाली नुसतं हातावर पाणी घेतलं. एवढं सगळं बघताना डोक्यात मात्र एकच, तो हलकट आत्ता कुठं बसून आमच्या पैशाचं मटण खात असेल.

परत येताना बॉर्डरवर साहेबांनी पावती बघितली आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. सहा दिवस जादा. दंड नेपाळी १५,०००, आपले ९,३७५, आणि वर बोलणी, 'वाचता येत नाही का, तुमचीच तर लिपी आहे'. पावतीवरची फी बघितली तर आम्ही दिलेल्या ११,८०० च्या पाचव्या हिश्शाचीसुद्धा नव्हती. घरी येऊन इन्शुरन्सवाल्याला विचारलं तर नेपाळ एक्स्टेन्शन झालेलंच नाही. म्हणजे त्या दरीत काही झालं असतं तर? पॉलिसीवरची नोंद स्वतः डोळ्यांनी बघा, कुणाच्या 'झालंय सर' वर जाऊ नका.

आता खरी करमणूक. पोखऱ्यात पोलीस गोड बोलले, पैसे भारतात दिले, भारतात तक्रार करा. सुनौलीच्या अलीकडं ठाण्यात गेलो, 'नेपाल का मामला है'. इकडं आपल्या ठाण्यात, 'घटना आमच्या हद्दीत नाही'. अहो ४७,००० मी सांगलीत घरात बसून पाठवलेत, हद्द अजून कुठली पाहिजे? १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम १७३, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवून घ्यायचा, झिरो एफआयआर म्हणतात. प्रिंट काढून नेली तर म्हणाले, तुम्ही वकील आहात का. मग 'हा दिवाणी वाद', मग 'साहेब बंदोबस्तात', मग 'अर्ज द्या, चौकशी करतो'. अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. तीन आठवड्यांनी चौकशी काय झाली तर त्या भामट्याला फोन केला म्हणे, तो म्हणाला सेवा दिलीये, संपला विषय! आमचा फोन उचलत नाही, त्यांचा उचलतो! बँकेचं वेगळंच, तुम्हीच पिन टाकलाय ना. टाकला, मग? बंदूक लावून टाकायला लावला तरच फसवणूक का?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) त्याच दिवशी फोन लावा, घरी पोचून मग बघू म्हणू नका. रोख देताना व्हिडिओ काढा, लाजू नका. मतदार कार्ड किंवा पासपोर्ट सोबत ठेवा, आधारवर नेपाळ धरू नका.

एकूण १,१०,२०० ला बसलं, त्यातला लुंबिनीचा एक मुक्काम तेवढा वसूल. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, आपण राहतो तिथंच केस करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कराडवाले आणि कोल्हापूरची एक फॅमिली सोबत आहेत. त्याच माणसाचं भूतानचं पोस्टर परवापासून फिरतंय, नंबर नवीन, फोटो तोच. तुमच्यातल्या कुणी त्याला पैसे दिले असतील तर स्क्रीनशॉट डिलीट करू नका आणि मला मेसेज करा, पुढच्या सोमवारी वकिलांकडं कागद द्यायचेत.