शॅम्पेन, प्रोसेको की कावा?

दुकानात या तिन्ही फेसाळ वाईनच्या बाटल्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. बूच तिन्हींचं तारेनं बांधलेलं, बुडबुडे तिन्हींत, पण शॅम्पेनची किंमत बघून हात मागे येतो. घेण्याआधी माझ्या मते एकच गोष्ट माहीत हवी: बुडबुडे बाटलीत तयार झाले की टाकीत? चवीतला निम्मा फरक तिथेच आहे.

शॅम्पेन फ्रान्सच्या ईशान्येची, रँस आणि एपर्ने या शहरांच्या आसपासची. जमीन खडूची, हवा थंड, त्यामुळे शार्डोने, पिनो न्वार आणि म्युनिए या द्राक्षांचा आंबटपणा टिकून राहतो. साधी वाईन तयार झाली की तीत थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत ती पुन्हा आंबते. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो. बाटलीतला दाब पाच-सहा वातावरणांइतका होतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. काम संपलेलं यीस्ट गाळ होऊन तळाशी बसतं आणि वाईन त्या गाळावर महिनोन्‌महिने पडून राहते. नुकत्याच भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा जो वास शॅम्पेनला येतो, तो या गाळाचा. शेवटी बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करतात, गाळ मानेत उतरवतात, मान गोठवून तो बाहेर काढतात. साध्या शॅम्पेनला बाजारात यायला किमान 15 महिने लागतात, एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर 3 वर्षं. पैसे या मुक्कामाचेही असतात, नुसत्या नावाचे नव्हेत.

कावा बनते याच पद्धतीनं, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तिचं माहेर स्पेनमधलं कातालोनिया. तिथल्या सांत सादुर्नी द'अनोया या गावात जोसेप राव्हेंतोस यांनी 1872 मध्ये ही पद्धत आणली. द्राक्षं मात्र तिथलीच: माकाबेओ, शारेल्लो, पारेल्यादा. भूमध्य समुद्राकाठचं ऊन खाल्लेली ही वाईन शॅम्पेनइतकी धारदार नसते. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, मागून किंचित बदामासारखा कडवटपणा. साधी कावा 9 महिने मुरते, पण लेबलवर ‘रेझेर्वा’ असेल तर किमान 18 आणि ‘ग्रान रेझेर्वा’ असेल तर 30. मोठी शॅम्पेन घराणी 15 महिन्यांवर थांबत नाहीत हे खरं, तरी जेवणासाठी बाटली हवी असेल तर मी डोळे मिटून कावा रेझेर्वा घेईन. तळलेल्या बोंबलाचं तेल ती जिभेवरून लख्ख पुसून काढते.

प्रोसेकोचा बाजच वेगळा. इटलीच्या ईशान्येकडची ही वाईन किमान 85 टक्के ग्लेरा या द्राक्षाची असते आणि दुसऱ्यांदा आंबते ती बहुधा पोलादी बंद टाकीत. याला कमी प्रतीचं काम समजू नये. ग्लेराचा वास नाजूक, पेअरचा, पांढऱ्या फुलांचा. वर्षभर गाळावर ठेवली तर तो दबून जाईल. टाकीत तो ताजा राहतो. चांगली हवी असेल तर लेबलवर कोनेलियानो आणि वाल्दोब्बियादेने ही नावं शोधा. तिथले उतार इतके उभे आहेत की द्राक्षं हातानंच तोडावी लागतात, आणि 2019 पासून त्या टेकड्या युनेस्कोच्या यादीत आहेत. पाहुणे यायच्या वेळी, नुसत्या गप्पांसोबत, हीच. पण कपाटात जपून ठेवू नका. एक-दोन वर्षांत तिचा तजेला जातो.

आता लेबलवरची एक गफलत, जी अनेकांना महागात पडते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे सर्वांत कोरडी, म्हणजेच सर्वांत कमी गोड, असं वाटतं, पण ती ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17 आणि नुसत्या ‘ड्राय’मध्ये 17 ते 32. प्रोसेको बऱ्याचदा एक्स्ट्रा ड्राय असते, म्हणून ती पहिल्याच घोटाला आवडते. आणि वाढदिवसाच्या केकबरोबर ब्रूट उघडू नका. केकच्या गोडीपुढे महागडी शॅम्पेनसुद्धा नुसती आंबट लागते. तिथे 32 ते 50 ग्रॅमची ‘डेमी-सेक’ घ्या, मग ती तिघींपैकी कोणतीही असो.