नागपूरच्या उन्हाळ्यात स्टाउट: लॅलब्रू व्हॉस यीस्ट कसं आहे?

लॅलब्रू व्हॉसच्या ११ ग्रॅमच्या पाकिटासाठी कंपनीने दिलेलं आंबवण्याचं तापमान आहे २५ ते ४० अंश, त्यातही ३५च्या वर उत्तम. नागपुरात बिअर करणाऱ्याला एवढं वाचूनच निम्मी चिंता मिटल्यासारखं वाटेल. नेहमीची एल यीस्टं (स्टाउटसारख्या बिअरसाठी वापरतात ती) २०च्या आसपास ठेवावी लागतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये एक फ्रिज आणि वेगळा थर्मोस्टॅट त्या एकाच कामाला अडकवायचा. नाही अडकवला तर फ्युझेल अल्कोहोल (उग्र वासाचं जड अल्कोहोल) वाढतं, स्टाउटला, म्हणजे या काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरला, थिनरसारखा वास येतो. व्हॉस मात्र नॉर्वेतल्या शेतघरांत सांभाळलेल्या क्वाइक यीस्टमधलं आहे. तिकडे ते कोमट वर्टमध्येच (माल्टच्या न आंबलेल्या गोड पाण्यात) घालतात, त्यामुळे उष्णतेचं त्याला वावडं नाही.

कायद्याचं एकदा सांगून टाकू. १९४९च्या दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात बिअर बनवायला परवाना लागतो, 'घरापुरती केली' म्हणून सूट नाही. खालचं माप परवान्याखाली काढायच्या २० लिटरच्या चाचणी बॅचचं समजा.

पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) साडेचार किलो, ओट्स ५०० ग्रॅम (किराण्यातले साधे चालतात), क्रिस्टल माल्ट ३००, भाजलेला जव ३५० आणि चॉकलेट माल्ट २५० ग्रॅम. ६७-६८ अंशांवर तासभर मॅश (धान्य गरम पाण्यात भिजत ठेवणं), मग तासभर उकळी. उकळीच्या सुरुवातीलाच १२ टक्के अल्फा ॲसिडचे (कडवटपणा त्यानेच येतो) २५ ग्रॅम हॉप्स. सुरुवातीची घनता (वर्टमध्ये साखर किती, त्याचं माप) १.०५८च्या आसपास येते.

पाण्याकडे दुर्लक्ष नको. नुसतं आरओचं पाणी घेतलं तर काळी धान्यं मॅशचा पीएच ५.२च्या खाली ओढतात आणि स्टाउट राखेसारखी तुरट, आंबट लागते. उलट बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातला बायकार्बोनेट हा आंबटपणा मारतो, पण फार झाला तर चव बोथट होते. निम्मं आरओ, निम्मं नळाचं घ्यावं आणि पीएच ५.४ ते ५.६ दाखवतोय का ते मीटरवर बघावं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं.

या यीस्टचा खरा फायदा वर्ट थंड करताना कळतो. ३५-३६ अंशांपर्यंत उतरवलं की झालं, वर्टमध्ये बुडवायच्या थंड करणाऱ्या कॉइलला नळाचं पाणी पुरतं. मेमध्ये टाकीचंच पाणी तापलेलं असतं, तेव्हा शेवटी थोडा बर्फ लागेल. पुढे डबा कूलरच्या खोलीत ठेवा. बंद खोलीत मात्र नको, कारण आंबताना २० लिटरचं तापमान स्वतःच तीन-चार अंश चढतं आणि खोलीच ४० असली तर यीस्टचीही मर्यादा ओलांडली जाते. फेस जोरात येतो, म्हणून ३० लिटरचा डबा आणि एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणाऱ्या बुचाऐवजी) जाड नळी. डिसेंबर-जानेवारीत गणित उलटं: २५च्या खाली हे यीस्ट सुस्तावतं, तेव्हा गोधडीत गुंडाळूनही भागेलच असं नाही.

आता चवीचं. व्हॉसला संत्र्याचा वास असतो. नागपूरकरांना यात गंमत वाटेल, पण प्रत्येक स्टाउटला तो शोभत नाही. वरच्या ओट्सवाल्या मापात चॉकलेट माल्टशी छान जुळतो, सालीचा किंचित कडवटपणा आल्यासारखा. कोरड्या आयरिश स्टाउटमध्ये मात्र उपरा वाटतो. यीस्ट कमी घातलं की वास वाढतो, तेव्हा २० लिटरला अख्खं पाकीट टाकावं, अर्ध्यात भागवू नये.

दोन-तीन दिवसांत बुडबुडे थांबतात, आणि घोटाळा इथेच होतो. घनता मोजायचा हायड्रोमीटर बहुधा २० अंशांसाठी आखलेला असतो. ३६ अंशांच्या बिअरमध्ये तो १.०१० दाखवत असेल तर खरी घनता १.०१४च्या आसपास असते. नमुना थंड करूनच मोजा, आणि ४८ तासांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आल्याशिवाय बाटल्या भरू नका. बाटलीत फेस यावा म्हणून घालायच्या साखरेचंही तसंच: गरम आंबलेल्या बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी उरतो, म्हणून २० अंशांना जिथे ९० ग्रॅम साखर पुरते तिथे इथे १०५ ग्रॅम लागते. उकळून, गार करून सगळ्या बिअरमध्ये एकदम मिसळा. बाटलीबाटलीत चमच्याने टाकलं की एखादी फुटायचीच.

साध्या, कोरड्या चवीची स्टाउट हवी असेल तर फ्रिज-थर्मोस्टॅट आणि नेहमीचं इंग्लिश यीस्टच घ्यावं. बाकी मार्च ते जूनसाठी व्हॉसच बरं. पाकीट ऑनलाइनच मागवावं लागतं. हिवाळ्यात मागवून फ्रिजमध्ये ठेवा, आणि फुगलेलं किंवा हवा शिरून मऊ पडलेलं आलं तर परत पाठवा.