ई २० किट : बिलावर पाच वस्तू, गाडीत एक

मार्क २ अ‍ॅम्बॅसेडर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. साध्या कागदावर ४२ हजारांचं बिल, वर मोठ्या अक्षरात ‘ई २० कन्व्हर्जन किट’, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी गाडी तयार करायचं सामान. खाली पाच ओळी : हार्डन्ड व्हॉल्व सीट ४ नग, ई २० होज (पेट्रोलचा पाइप), पंप ओव्हरहॉल, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आणि ‘इथेनॉल न्यूट्रलायझर’च्या सहा बाटल्या. दोन महिन्यांत गाडी चढावर गुदमरायला लागली, पिकअप गेला, प्लग खडूसारखे पांढरे. उघडून पाहिलं तेव्हा बिलातल्या फक्त बाटल्या खऱ्या निघाल्या. गॅरेजचं नाव इथे देत नाही. हे बिल थोड्याफार फरकाने आणखी कुणाच्याही हातात पडेल, म्हणून ओळीने पाहू.

सगळ्यात महाग ओळ सीटची, म्हणजे व्हॉल्व बंद होताना ज्या कडेवर टेकतो तिची, आणि मुळात तिचा इथेनॉलशी काही संबंधच नाही. जुन्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व आणि सीट यांच्यामध्ये पातळ थर धरून ठेवायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) बिडाचं आणि सीट त्यातच कापलेली, त्यामुळे सतत जोरात पळवलेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व हळूहळू हेडमध्ये रुतत जातो. पण जी गाडी शिसं गेल्यावर पंचवीस वर्षं गावातल्या गावात फिरली आणि जिचा टॅपेट गॅप (व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) जागचा हलला नाही, तिला आज अचानक सीटची गरज कुठून पडली?

हे घरी तपासता येतं. एक्झॉस्टचे व्हॉल्व १, ४, ५ आणि ८. इंजिन गार असताना गॅप १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३८ मिमी. मोजायची रीत बेरीज ९ ची : १ नंबरचा व्हॉल्व पूर्ण दाबला गेला की ८ चा गॅप मोजायचा, ३ दाबला की ६ चा. आठही आकडे वहीत लिहा, हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. इनटेकचे जागच्या जागी आणि एक्झॉस्टचे १५ चे १०-११ झाले असतील, तरच सीट झिजतेय. गॅप वाढला असेल तर ती वेगळी भानगड, सीटची नव्हे. रुतलेला व्हॉल्व लपवायला मिस्त्री टॅपेट पुन्हा १५ वर लावून देतो आणि गाडी सोपवताना फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून दाखवतो. वहीत आधीचा आकडा नसेल तर त्याला धरणार कसं?

या गाडीचं तर हेडच उतरलं नव्हतं. हेडच्या नटांवरचा तेल-धुळीचा काळा थर तसाच होता, पान्याची एक चकाकी नाही, आणि गॅस्केटची बाहेर डोकावणारी कड जुनीच, फुटकी. सीट बसवायची तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावंच लागतं. म्हणून जुनं गॅस्केट मागून घ्या. हेड हातात आलं की एक्झॉस्टच्या तोंडाशी वेगळ्या रिंगची गोल रेघ दिसली पाहिजे.

होजची फसवणूक मात्र धोक्याची आहे, कारण तिथे आग लागते. नवा काळा पाइप होता, चकचकीत, पण साध्या रबराचा. इथेनॉलने असं रबर फुगतं, मऊ पडतं, काही महिन्यांनी वाकवलं की तडे दिसतात. हवा तो एसएई जे३० आर९ दर्जाचा, आतून फ्लोरो-रबराचं अस्तर असलेला. अंगावर आर९ छापलेलं असतं. नुसता छाप पुरेसा नाही, छापायला काय लागतं? कापलेल्या टोकाकडे निरखून पाहा, आतला पातळ थर बाहेरच्या रबरापेक्षा वेगळा दिसतो. त्याच पाइपाचा दोन इंची तुकडा झाकणाच्या काचेच्या बरणीत, पंपावरच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवा (घराबाहेर, सावलीत), आधी आणि नंतर व्हर्नियरने लांबी मोजा. साधा पाइप लांबतो आणि पेट्रोल चहासारखं करतो. टाकीला आतून ‘कोटिंग’ करून देणाऱ्यालाही हीच परीक्षा घाला : पत्र्याच्या पट्टीवर त्याचं कोटिंग लावून मागा आणि पंधरा दिवस बुडवा. साध्या पॉलिस्टर रेझिनचे पापुद्रे सुटतात, आणि टाकीत सुटले तर थेट पंपाच्या जाळीत जातात.

पंप ओव्हरहॉल म्हणजे काय केलं होतं? बाहेरून रॉकेलने धुऊन चांदीचा रंग. स्क्रूच्या खाचांतही रंग होता, म्हणजे रंगानंतर तो उघडलेला नाही. आत डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा पडदा) जुनं, कापडी रबराचं, कडेला ताठ झालेलं. मेकॅनिकल पंपाचं डायफ्रॅम फाटलं की पेट्रोल इंजिनाच्या तळाशी ऑइलच्या संपमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं जातात. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर स्टार्टर मारू नका.

आता जेट, कारण चढावर गुदमरण्याचं मूळ तिथे. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई २० चा हिशोब साधारण १३.५ वर येतो. जुन्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. या गाडीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० चा १२५ केला की क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे साधारण एकच पायरी. या गाडीत जेट बदललं नव्हतं, बारीक ड्रिलने कोरलं होतं आणि तेही वाकडं. आकडा जुनाच. भिंगातून भोकाच्या कडेला पितळेची कूस दिसत होती. असं जेट कधी जास्त देतं, कधी कमी, आणि ट्यूनिंग कुणाच्या बापाला जमत नाही. जेट काढण्याआधी आकड्याचा फोटो घ्या, नव्याचाही घ्या.

राहिल्या बाटल्या. ३० लिटरला ३० मिली. ३० लिटर ई २० मध्ये ६ लिटर इथेनॉल असतं; ३० मिलीने त्याचं ‘न्यूट्रलाइज’ काय होणार? इथेनॉल पेट्रोलमधून बाहेर येतं ते पाण्याने. काचेच्या मापात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी हलवून ठेवा, खालचा थर ३५ च्या आसपास चढतो. ही पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते बघायची उत्तम तपासणी, पण विक्रेता तेच दाखवून ‘बघा, वेगळं काढलं’ म्हणतो. तो खालचा थर टाकीत झाला तर पंप पहिल्यांदा तोच ओढतो आणि गाडी जागची हलत नाही. गंजरोधक म्हणून एखादं चांगलं अ‍ॅडिटिव्ह पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीला उपयोगी पडतं, इतकंच. सोबत पाइपाला अडकवायचं चुंबक फुकट देतात, ते फ्रिजला लावा.

काम देताना बिल जीएसटीचं, सुट्या भागानिशी मागा; ‘किट’ या एका शब्दावर पुढे काहीच सिद्ध होत नाही. भाग काढण्याआधी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा आणि जुने भाग परत देण्याचं आधीच ठरवा. नकार दिला तर तिथूनच गाडी वळवा. पैसे गेलेच असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

त्या अ‍ॅम्बॅसेडरला शेवटी लागलं ते एवढंच : दीड मीटर आर९ होज आणि नव्या क्लिपा, डायफ्रॅम, एका पायरीने मोठं जेट, आणि जुन्या टाकीचा गंज सुटतो म्हणून पहिल्या तीन टाक्यांपुरते दोन पारदर्शक फिल्टर. सीटला कुणी हात लावला नाही. टॅपेटचे आठ आकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेत.