पॉइंट टू टू मॅच रायफल आणि काडतुसांचा लॉट : काही महिन्यांच्या वापरानंतर

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवा आहे त्यांचा वेळ वाचेल. माझ्या रायफलीत मध्यम किमतीच्या, पण पारखून घेतलेल्या लॉटच्या (कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या) काडतुसांनी न पारखलेल्या महागड्या काडतुसांपेक्षा सातत्याने चांगले ग्रुप (म्हणजे कागदावरच्या छिद्रांचे लहान पुंजके) दिले. आणि काडतुसे बदलून जेवढा फरक पडला, जवळजवळ तेवढाच रायफलीचे स्क्रू आणि चेंबर (काडतूस बसते ती जागा) यांच्याकडे नीट लक्ष दिल्याने पडला. रायफल आन्शुट्झ १९०७ आहे, पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरची, वापरलेली घेतलेली, आणि सराव ५० मीटरवर, मुख्यतः पालथ्या स्थितीत. दिवाळीनंतर ती हाती आली आणि यंदाचा पावसाळा सरेपर्यंत मी ती नियमाने वापरली. पुढचे सगळे अनुभव या एका नळीचे (बॅरलचे) आहेत. शेजारच्या लेनवर त्याच मॉडेलची रायफल असली, तरी तिला हेच काडतूस मानवेल असे समजू नये.

२०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवल्यापासून निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातली बरीच तरुण मुले या खेळाची चौकशी करू लागली आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचे (पालथ्या स्थितीचे) जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हाही आमच्याकडे थोडी हालचाल झाली होती, पण पॉइंट टू टू विषयी इतके प्रश्न तेव्हा येत नव्हते. आता पहिलाच प्रश्न असतो, ‘काडतूस कुठले घ्यावे?’ त्याचे उत्तर एका नावात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

अचूकता कशाला म्हणायचे ते आधी मापात पाहू. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि गोळीचा व्यास ५.६ मिमी. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळतात, त्यामुळे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा पक्के. म्हणजे नीट मध्यावर बसलेला, मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेला १६ मिमीचा ग्रुप सगळे दहा देऊ शकतो. दशांश गुणांकनात (जिथे एका गोळीचे गुण १०.९ पर्यंत मोजतात) मात्र हे समाधान पुरत नाही, कारण केंद्रापासून दर ०.८ मिमीला दशांश गुण कमी होतो आणि साठ गोळ्यांत हे दशांश साठत जातात. १६ ऐवजी १२ मिमीचा ग्रुप हवा असतो तो यासाठी.

काडतुसांच्या चाचणीला बसण्याआधी आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदार मामांनी मला अडवले. मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचा सल्ला बेळगावात सहसा टाळला जात नाही. ‘राउंडला (काडतुसाला) बोल लावू नकोस, आधी स्क्रू बघ,’ एवढेच ते म्हणाले. दस्त्यात ॲक्शन (बोल्ट असलेला धातूचा भाग) आवळणारे दोन स्क्रू टॉर्क रेंच (पीळ मोजणारा पाना) लावून पाहिले, तर पुढचा आणि मागचा यांच्या पिळात चांगलाच फरक होता. दोन्ही ५ न्यूटन-मीटरवर आणल्यावर, पेटी तीच ठेवूनसुद्धा, अधूनमधून वर उडणारी एखादी गोळी बंद झाली. लाकडी दस्ता बेळगावच्या हवेत स्वस्थ बसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात तो ओलावा धरतो आणि मार्चमध्ये सुकतो, त्यामुळे ऋतू बदलला की हा पीळ पुन्हा तपासावा लागतो. ॲल्युमिनियमचा दस्ता असलेल्यांना ही कटकट बरीच कमी.

दुसरी गोष्ट चेंबरच्या तोंडाशी जमणाऱ्या कार्बनच्या कड्याची. पॉइंट टू टूच्या गोळीला बाहेरून मेणासारखे वंगण लावलेले असते. प्राइमरची राख, बारूदीचा अवशेष आणि हे वंगण मिळून रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) जिथे सुरू होते तिथे एक कडक काळे कडे तयार होते. बारीक टॉर्चने पाहिले तर ते नळीच्या खालच्या बाजूला जास्त जाड दिसते. काडतूस चेंबरमध्ये शिरताना अंगठ्याला नेहमीपेक्षा किंचित जास्त जोर लागू लागला, की कडे वाढले असे समजावे. नळी नेहमी चेंबरच्या बाजूने साफ करावी आणि सळई नळीच्या काठाला घासू नये म्हणून मार्गदर्शक नळी वापरावी. बाजारातली माझ्या ॲक्शनमध्ये ढिली बसत होती, म्हणून उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून नायलॉनची कातून घेतली. ती इतकी चपखल बसली की परदेशी वस्तू मागवण्याचा विचारच सोडून दिला. साफसफाईनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मात्र गुणांत धरू नयेत, कारण नळीत वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत ग्रुप विस्कटलेलाच राहतो. एका कंपनीचे काडतूस सोडून दुसऱ्या कंपनीचे लावतानाही हेच होते, कारण प्रत्येकाचे वंगण वेगळे असते. दोन कंपन्यांच्या पाच-पाच गोळ्या आलटून पालटून झाडून केलेली तुलना त्यामुळेच निरर्थक ठरते.

चाचणीची पद्धत साधी ठेवली : पुढे वाळूची पिशवी, मागे दस्त्याखाली लहान पिशवी, दुर्बीण न लावता नेहमीचीच डायऑप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची), आणि प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे अनेक ग्रुप वेगवेगळ्या दिवशी. पाच गोळ्यांचा ग्रुप पाहून निर्णय घेणारे पुष्कळ आहेत, पण काडतूस तेच असले तरी दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे पाव पट मोठा येतो. शिवाय पाच गोळ्यांत नशिबाचा वाटा एवढा असतो की वाईट लॉटही एखादा कागद खिशात घालून मिरवण्याजोगा देतो. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘एका भोकात पाच गोळ्या’ अशा फोटोंवर माझा विश्वास त्यामुळेच उरलेला नाही. त्याच लॉटचा पुढचा कागद कसा आला, हे त्यात कधीच नसते.

आता काडतुसे. एलीची टीम आणि टेनेक्स, लापुआची सेंटर-एक्स, एसकेची रायफल मॅच आणि आरडब्ल्यूएसची आर-५० एवढी वापरून झाली. सगळ्यांची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची, आणि वेग आवाजाच्या वेगाखाली राखलेला. माझ्या नळीला सर्वांत मानवला तो सेंटर-एक्सचा एक लॉट, ज्याचे दहा गोळ्यांचे ग्रुप बहुधा १२ ते १४ मिमीच्या दरम्यान राहिले. एसके रायफल मॅचचा एक लॉट त्याच्या अगदी मागोमाग होता, आणि रोजच्या सरावासाठी तोच मी आजही वापरतो. याउलट सर्वांत महाग पेटीतला एक लॉट २० मिमीच्या पुढे गेला. कुठली ते लिहीत नाही, कारण तोच लॉट कोल्हापूरच्या एका मित्राच्या रायफलीत उत्तम चालला आणि त्याने उरलेल्या पेट्या आनंदाने ठेवून घेतल्या. वरच्या दर्जासाठी दिलेल्या पैशांत मिळते काय, तर सगळ्या लॉटमध्ये चांगला लॉट सापडण्याची शक्यता वाढते. प्रत्येक लॉट आपल्या नळीला मानवेलच, ही हमी त्या पैशांत येत नाही.

लॉटमुळे एवढा फरक का पडतो, याचे एक कारण हिशेबाने दिसते. साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेली गोळी ५० मीटर कापायला ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली पडते. एखादी गोळी ५ मीटर प्रति सेकंदाने संथ निघाली, तर ती जवळपास ४ मिमी खाली लागते, म्हणजे अर्धा गुण तिथेच गेला. ग्रुप उभा, भाल्यासारखा लांबट येऊ लागला की मी आधी वेगाच्या चढउताराचा संशय घेतो. हेच काडतूस १०० मीटरवर नेले तर तो फरक चौपट होतो. ५० मीटरवर ‘ठीक’ वाटलेला लॉट तिथे उघडा पडतो तो यामुळेच. दूरच्या मोठ्या रायफलींविषयी विचारणाऱ्यांनाही मी हेच सांगतो, की अंतर वाढेल तशी वेगाच्या एकसारखेपणाची किंमत वाढत जाते.

यावर ‘मग जास्त वेगाचे काडतूस घ्या की’ असे काहीजण सुचवतात. पण मॅच (स्पर्धेचे) काडतूस मुद्दाम संथ ठेवलेले असते. आवाजाचा वेग २० अंश तापमानाला सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद असतो. त्याच्या वर निघालेली गोळी वाटेतच त्या सीमेखाली उतरते, त्या टापूत हवेचा विरोध एकदम जास्त असतो आणि गोळी डळमळते. म्हणूनच ऐकायला उलटे वाटले तरी हाय व्हेलॉसिटी काडतूस ५० मीटरवर वाऱ्याने जास्त सरकते.

आणि वारा आमच्याकडे भरपूर. जून-जुलैत पश्चिमेकडून घाट ओलांडून येणारा वारा एका लयीत वाहत नाही. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात तो पडतो आणि उठतो. सेकंदाला १ मीटर वेगाचा आडवा वारा ५० मीटरवर ही गोळी ५ ते ६ मिमी सरकवतो, आणि एवढा वारा चेहऱ्यावर जेमतेम जाणवतो. लॉट बदलून मिळवलेले ४ मिमी अशा एका झुळुकीत जातात. स्पर्धेच्या रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याच्या पट्ट्या असतात. सरावाच्या ठिकाणी त्या नसतील तर स्वतः लावाव्यात. शहापुरातल्या एका विणकराकडून पातळ सुती कापडाचे तुकडे आणून मी पट्ट्या केल्या. जाड कापड हलक्या झुळुकीला दादच देत नाही, आणि नेमकी हलकी झुळूकच फसवते. पावसाळ्यात मात्र या सुती पट्ट्या भिजून लोंबतात, तेव्हा प्लॅस्टिकची पातळ पट्टी बरी.

तापमानाचेही थोडे सांगतो. डिसेंबरच्या सकाळी गार पडलेली काडतुसे आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलेली काडतुसे एकाच उंचीवर लागत नाहीत, कारण बारूदीचा जोर बदलतो आणि वंगणही घट्ट किंवा सैल होते. पेटी सावलीत ठेवावी आणि चेंबर तापलेले असताना काडतूस आत घालून वाऱ्याची वाट पाहत बसू नये. थांबायचे असेल तर ते बाहेर काढावे.

काडतुसे वजन करून किंवा त्यांच्या बुडाच्या कडेची (रिमची) जाडी मोजून वेगळी करण्याचा उद्योगही काही दिवस केला. स्वस्त काडतुसांत त्याचा थोडा उपयोग दिसला, पण मॅच दर्जाच्या चांगल्या लॉटमध्ये दिसला नाही. तो वेळ पालथे पडून कोरड्या (काडतुसाविना) सरावाला दिलेला बरा.

खरी अडचण खरेदीची आहे. युरोपातले नेमबाज आपली नळी घेऊन काडतुसांच्या कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, तिथे अनेक लॉट झाडून पाहतात आणि पसंतीचा लॉट उचलतात. आपल्याकडे परवान्यावरचा कोटा आणि संघटनेकडे आलेला माल यांत जे बसेल ते घ्यावे लागते, आणि एकाच खोक्यात दोन लॉट निघणेही नवलाचे नाही. म्हणून पेटीच्या बाजूला छापलेला लॉट क्रमांक घेतानाच वाचावा, आधी पन्नासची एक पेटी घेऊन पारखावी आणि पटली तर त्याच लॉटच्या पाचशे काडतुसांच्या विटेसाठी (ब्रिकसाठी) त्याच आठवड्यात पाठपुरावा करावा, कारण महिनाभराने विचारले तर तो लॉट संपलेला असतो. सीमाभागातल्यांनी आणखी एक पाहावे : कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर किंवा पुण्याच्या रेंजवर जायचे असेल, तर परवान्यावर क्षेत्राच्या रकान्यात केवळ कर्नाटक लिहिलेले आहे की संपूर्ण भारत, हे घरीच वाचून निघावे, आणि काडतुसे रायफलीपासून वेगळ्या, कुलूपबंद डब्यात न्यावीत.