खारातल्या भाताला टॉनिक मारलं, 5 पैकी 3 स्टार

पेणच्या खारेपाटात आमची खाडीच्या बांधाला लागून दोन खाचरं आहेत, आणि मागच्या मे महिन्यात उधाणाला बांधाला खांड पडली तेव्हा खारं पाणी थेट आत येऊन चार दिवस उभं राहिलं. जूनच्या सुरवातीला माती तपासली तर ईसी, म्हणजे खारटपणा मोजायचा आकडा, 7 च्या वर. भाताचं उत्पादन साधारण 3 पासूनच घसरायला लागतं आणि पुढे प्रत्येक युनिटमागे बारा टक्के जातं असा हिशोब आहे, म्हणजे आमचं निम्मं पीक कागदावरच गेलेलं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की होमोब्रासिनोलाइड मार, खारात भात तगतो. गावात त्याला सगळे टॉनिकच म्हणतात. मग बाटली आणली, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव घेत नाही, 0.04 टक्केवाल्या बाटल्या बऱ्याच जणांच्या मिळतात.

आधी दुकानाचं सांगतो. मी होमोब्रासिनोलाइड मागितलं आणि काकांनी जिबरेलिक ॲसिडची बाटली हातात दिली, म्हणे सगळं एकच, झाड वाढवायचं औषध. एकच नाही हो काका! जिबरेलिन हे मुळात भातावरच्या एका रोगातून सापडलेलं, जपानी लोक त्याला बाकाने म्हणतात, त्यात रोप पिवळट, उंच, किडकिडीत होऊन पडतं. 1926 मध्ये कुरोसावा नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की ती उंची बुरशीने सोडलेल्या रसायनामुळे येते. खारात सापडलेलं भात तर स्वतःहूनच जिबरेलिन कमी करून वाढ आवरतं, जीव वाचवायला. त्याला वरून ताणायला लावणं म्हणजे तापात पडलेल्या माणसाला पळायला सांगण्यासारखं. बाटली बदलून दिली त्यांनी, तोंड वाकडं करून. पत्रकावर मराठी होतं पण अक्षर एवढं बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. मी समजत होतो की हे मीठ मारतं. अजिबात नाही, मातीतलं मीठ जिथल्या तिथे. खारात भाताला दुहेरी मार बसतो, आधी मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणजे चिखलात उभं राहूनही तहानलेलं, आणि मग सोडियम पानात साचून जुनी पानं शेंड्याकडून करपत येतात. झाड स्वतः अ‍ॅब्सिसिक ॲसिड बनवून पानावरची छिद्रं मिटतं, पाणी वाचतं पण अन्न बनवणंही मंदावतं. ब्रासिनोस्टेरॉइड (माझ्या बाटलीतलं होमोब्रासिनोलाइड त्यातलंच) हा वेगळा निरोप आहे, तो पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यावर पोचतो आणि आत घातक ऑक्सिजन निस्तरणाऱ्या एन्झाइम्सना कामाला लावतो. निरोप म्हणतो कारण मात्रा बघा, माझ्या बाटलीवर लिटरला अर्धा मिली लिहिलेलं, म्हणजे 15 लिटरच्या पंपात मूळ औषध सगळं मिळून 3 मिलीग्रॅम. त्यामुळे जास्त ओतलं की जास्त फायदा, हा आपला युरियावाला हिशोब इथे चालत नाही.

मारताना खरी गंमत. जुलैत आमच्याकडे दोन तास कोरडे मिळणं म्हणजे लॉटरी, पहिली फवारणी सरळ पावसाने धुऊन नेली, पैसे खाडीत. दुसऱ्या वेळी औषध पानाला चिकटवणारा स्टिकर घातला आणि सकाळी उघडीप बघून मारलं, तिसरी लोंब्या पोटात असताना. एका खाचरात मारलं, दुसऱ्यात नुसतं पाणी. मारलेल्यात शेंडे कमी करपले, फुटवे थोडे जास्त, पोचट दाणेही कमी वाटले. पण प्रामाणिकपणे सांगतो, मारलेलं खाचर उघाडीपासून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारापासून) जरा लांबचं आहे, तिथे मुळात खारटपणा कमी, त्यामुळे श्रेय बाटलीला किती आणि जागेला किती ते माझं मलाच कळलेलं नाही. आणि जुलैअखेर पुन्हा माती तपासली तर ईसी साडेतीनवर आलेली, ते काम पावसाचं. बांध दुरुस्त केला, ओहोटीला उघाडी उघडून धुतलेलं पाणी बाहेर काढलं, त्यानेच निम्मी लढाई झाली. शिवाय बियाणं खार सोसणारं पनवेल 3 होतं, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं. बाबा तर म्हणतात आपला जुना खारातला भात, काळा राता, लावला असतास तर बाटलीच लागली नसती, तुझा आजा काय फवारत होता.

आणखी एक, कारण बरेच जण विचारतात. आमच्या मेव्हण्याच्या शेतात खाडीतून कारखान्याचं पाणी येतं, त्याला वाटलं हेच मारू. मी नको म्हटलं. कुंडीतल्या प्रयोगात सॅलिसिलिक ॲसिड (झाडाच्या निरोपांपैकीच आणखी एक) नाहीतर ब्रासिनोस्टेरॉइड दिल्यावर कॅडमियम या विषारी धातूचा त्रास कमी झालेला दिसतो हे खरं, पण झाड हिरवं राहिलं म्हणजे दाणा स्वच्छ आहे असं होत नाही, उलट रोप मेलं असतं तर निदान कळलं तरी असतं. कॅडमियम शेत सुकवलं की दाण्यात जास्त जातं, आर्सेनिक पाणी उभं ठेवलं की जास्त जातं, म्हणजे नुसतं पाणी धरून-सोडूनही सुटणारं नाही. तिथे आधी मातीची आणि तांदळाची धातूंची तपासणी, बाटली नंतर.

दोन स्टार कापले, एक पत्रकासाठी आणि एक "खारात हमखास" असं वर छापलंय त्यासाठी. औषध वाईट नाही, पण लावणीनंतरची कोवळी रोपं आणि फुलोरा या दोनच वेळा भात खाराला सगळ्यात जास्त घाबरतं, तेवढ्यातच वापरा. उरलेली बाटली पोटमाळ्यावर अंधारात ठेवलीय. यंदा बियाणं नेहमीसारखं 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून निवडणार (खारातल्या भाताची पहिली आंघोळ मिठाच्याच पाण्यात, आई दरवर्षी हसते यावर), मग गोड्या पाण्यात धुऊन, त्यातलं अर्धं सॅलिसिलिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून बघणार, लिटरला साधारण 100 मिलीग्रॅम. आणि या वेळी दोन्ही प्रकार एकाच खाचरात, मधे मेर घालून.