प्रेत अंगणात, आणि हा टपाल फोडतोय

अर्धं आयुष्य व्हाउचरांवर लाल खुणा करण्यात गेलं. त्यामुळे गुन्हेगारी मालिका बघताना पाठलाग सुरू झाला की मला पेंग येते, आणि कुणी पाकीट उघडलं की मी सावरून बसतो. 'कोलंबो' माझ्यासारख्यांसाठीच केली असावी.

लॉस एंजेलिसचा पोलीस लेफ्टनंट, अवतार गबाळा. खून कुणी केला हे सुरुवातीलाच दाखवून टाकतात. मग उरतं काय? खुनी कुठे चुकला आणि ते याला कसं दिसलं, एवढंच. रहस्याचा आडोसाच नाही, त्यामुळे तपशील कच्चा निघाला की अख्खा भाग बसलाच.

'मर्डर बाय द बुक' आधी बघा. १९७१चा भाग, दिग्दर्शक चोविशीतला स्टीव्हन स्पीलबर्ग. रहस्यकथा लिहिणारे दोन भागीदार. खरं तर लिहितो एकच, दुसरा नुसता मिरवतो. सुरुवातीला रस्त्यावरून गाडी येते, पण ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची टकटक. राबतंय कोण, हे एकही वाक्य न बोलता कळलं.

मिरवणारा राबणाऱ्याला मारतो आणि प्रेत स्वतःच्याच घरासमोरच्या हिरवळीवर टाकतो. कोलंबोला तिथे खटकतं ते फोडलेलं टपाल. भागीदार बाहेर मरून पडलाय आणि या गृहस्थाने बिलं उघडून पाहिलीत! जरा मन दुसरीकडे वळावं म्हणून, असा त्याचा खुलासा. मी मोठ्याने हसलो. एवढ्या वर्षांत मन रमवायला बिल फोडणारा माणूस मला भेटलेला नाही. भागीदार बेपत्ता असल्याचं कळूनही तो विमान न पकडता गाडी हाकत परततो, तेही याच जातीचं.

कोलंबोचा तो चुरगळलेला रेनकोट ही भूमिका करणाऱ्या पीटर फॉकचा स्वतःचा, घरून आणलेला. खिसे चाचपताना त्याचा हात कसा सवयीने जातो ते बघा. नाहीतर हल्लीच्या मालिका! कॉफीचा कप असा हलवतात की रिकामा आहे हे लांबून कळतं, आणि पुढचे दोन संवाद माझ्या डोक्यावरून जातात.

तक्रार आहे ती शेवटच्या पुराव्याबद्दल. काय ते सांगत नाही, पण असला आक्षेप मी ऑडिट अहवालात घातला असता तर साहेबांनी तिथल्या तिथे खोडला असता. खुनी कबूल होतो म्हणून निभावलं.

आणि मध्ये कोलंबो मेलेल्या लेखकाच्या घाबरलेल्या बायकोला तिच्याच स्वयंपाकघरात ऑमलेट करून देतो. दृश्य लांबलंय म्हणून पुढे ढकलू नका. अंडी फेटता फेटता त्याची चौकशी चालूच असते.